कपाळावरचा चष्मा

मित्रांनो, मी एका दंतवैद्याचा जुना चष्मा. वाचायचा नव्हे, डोळे राखायचा. मला नंबर नाही. माझी भिंगं जाड प्लॅस्टिकची आहेत आणि दोन्ही बाजूंना आडोसा आहे. कारखान्यात माझ्या एका भावावर पोलादाची गोळी आपटून पाहिली होती. त्याला साधा तडाही गेला नाही. तेव्हा आम्हां सगळ्यांची मान ताठ झाली होती.

डॉक्टरांनी मला आणलं तेव्हा ते तरुण होते. दात कोरताना पाणी, रक्त, दातात पूर्वी भरलेल्या चांदीचे कण उडत. सगळं मी झेललं. संध्याकाळी ते मला साबणाने धुऊन मऊ कापडाने टिपत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एकदा एक आजोबा खुर्चीत आडवे झाले आणि म्हणाले, "काय हो डॉक्टर, दात काढताय की वेल्डिंग करताय?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांना ते लागलं. त्यातून मास्कमधला त्यांचा श्वास वर येई आणि मी धुरकट होई. "अरे, आधी मला दिसू तर दे!" म्हणत ते मला कपाळावर सरकवत. पुढे मी तिथेच राहू लागलो.

एका बाईंच्या दाढेवरची धातूची टोपी कापायची होती.

"दोनच मिनिटं हं ताई," डॉक्टर म्हणाले.

टोपीचा बारीक तुकडा उडाला. मी दोन बोटं वर होतो, मित्रांनो. नुसता पाहत राहिलो. त्यांनी डोळा चोळला, पाणी मारलं आणि दाढ पुरी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तोवर बुबुळात पू झाला होता. उजवा डोळा गेला. एका डोळ्याने दाताची खोली कळेना. त्यांचं काम सुटलं.

आता दवाखान्यात त्यांच्या जागी त्यांची लेक दात कोरते आणि तिच्याकडे असा चष्मा म्हणून मी एकटाच आहे. मित्रांनो, डोळ्यांसमोर असलो तरच मी कामाचा. तुमच्यापैकी कुणी असं काम करील, तर माझ्यासारख्याला खाली ओढून घ्या. धुरकटलो तर पुसा, पण काढू नका. माझं कुणी ऐकेल असं मात्र आता वाटत नाही.

यंत्र सुरू झालं की बंद दाराबाहेरून बाबा विचारतात, "चष्मा लावलास ना गं?"

"हो बाबा, लावलाय!"

मी तेव्हा खणात असतो.