विलीने बघून ठेवलेली खोली

ही २०२३ सालची गोष्ट. जुलै होता आणि शारजाहून दुबईला जाणारा रस्ता रोजच्यासारखा तुंबला होता. गाडी माझी मुलगी शेरॉन चालवत होती. मी मागे बसले होते. पुढची सीट रिकामी. माझा नवरा विली गेल्यापासून मी तिथे बसत नव्हते.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्ही निघालो होतो. सप्टेंबरात आम्हा दोघींना आणि जावयाला इटलीला जायचं होतं. सेस्त्री लेवांते नावाच्या समुद्रकाठच्या गावात मुक्काम करायचा, सकाळी तिथून ट्रेनने नाहीतर बोटीने एखादं गाव बघून यायचं आणि संध्याकाळी परत. हा बेत मुळात शेरॉनचा नव्हता. तो मी आणि विलीने याच रस्त्यावर आखला होता.

लग्नाआधी विली जहाजावर मेकॅनिक होता. जेनोआला जहाज दुरुस्तीला लागलं, तेव्हा एका रविवारी तो त्या गावात फिरून आला. तिथल्या भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवतात, अगदी झडपांच्या सावलीसकट. ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघं या जॅममध्ये अडकायचो. तो दुबईच्या गोदीत, मी एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये. गाडी थांबली की आमची मनातली इटलीची सहल पुढे सरकायची. तो विचारायचा, "अ‍ॅग्नेस, काल कुठवर आलो होतो?"

"पोर्तोफिनोच्या बोटीत. मला मळमळतंय."

"मग आज उतरू. पण आइस्क्रीम दोघांत एकच."

प्रत्यक्षात सुट्टी मिळाली की आम्ही वसईला जायचो. चर्चचा सण, घराची कौलं, कोणाचं तरी लग्न. २०२१च्या फेब्रुवारीत विली वारला.

इकडे आलेला संसारी माणूस बहुधा आधी एकटा येतो. विलीही पंच्याऐंशी साली तसाच आला. "आधी मी जातो, खोली बघतो, मग तुला बोलावतो," म्हणाला होता. खोली बघायची त्याची पद्धत ठरलेली होती. भिंतीवर टकटक करून शेजारचा आवाज येईल का ते बघायचं. मग नळ सोडून पाण्याखाली मनगट धरायचं, कारण इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंग भाजेल इतकं तापतं. नंतर आम्ही चार खोल्या बदलल्या. दर वेळी तो हेच करायचा.

त्या दिवशी जॅममध्येच शेरॉनचा फोन वाजला. स्पीकरवर सेस्त्री लेवांतेची घरमालकीण होती, तिच्याकडेच आम्ही खोल्या ठरवल्या होत्या. मोडक्या इंग्रजीत बोलत होती.

"तुम्ही तीन माणसं, दोन खोल्या. मागच्या अंगणाकडची मदरसाठी. ओके?"

"मागची? आम्ही सी-व्ह्यू मागितला होता."

"जेंटलमन म्हणाले, मागची द्या. समुद्राच्या आवाजाने तिला झोप येत नाही."

"कोण जेंटलमन?"

"गेल्या आठवड्यात आले होते. टोपी हातात धरून. मिसेस शारजाहून येणार आहेत, म्हणाले, आधी मी बघून जातो. भिंत वाजवून बघितली. मग नळ सोडला आणि…" बाई शब्द शोधत होती. "हात नाही, घड्याळ बांधतो ती जागा. तिथे पाणी घेतलं. मी म्हटलं, पाणी गारच आहे. तर म्हणाले, तरी बघतो."

मागून हॉर्न वाजले. शेरॉनने गाडी जराशी पुढे घेतली. "मॅडम, दुसरे कोणी गेस्ट असतील," म्हणून तिने फोन ठेवला. "मम्मी, शी इज मिक्सिंग अप. शारजाहून काय आपणच जातो?"

समुद्राच्या आवाजाने मला झोप येत नाही हे शेरॉनला ठाऊक नव्हतं, फक्त विलीला होतं. आमच्या सगळ्या खोल्या समुद्रापासून लांब होत्या.

शुक्रवारी रात्री जावई विन्स्टन आला. तो रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात, घरी फक्त शनिवार-रविवार. सगळं ऐकून म्हणाला, "सासरे मेल्यावरही बुकिंग करतात. मला जिवंतपणी लीव्ह मिळत नाही."

"विन्स्टन, खलास. पुरे."

त्याने टीव्हीवर त्या घराचे फोटो लावले. मागची पिवळी भिंत, दोन खिडक्या. डावीकडची रंगवलेली, झडपा घट्ट मिटलेल्या.

विलीने बोलावलं आणि मी गेले नाही, असं कधीच झालं नव्हतं. पंच्याऐंशी साली त्याचा निरोप आल्यावर पंधरवड्यात मी विमानात होते. आताही रोज उठले की हात आपोआप कपाटावरच्या बॅगेकडे जायचा. पण लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर शेरॉनला दिवस गेले होते. तिला सासू नाही. जानेवारीत बाळाच्या अंगाला तेल लावणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आणि त्या खोलीत मी एकदा झोपले की परत येणार नाही, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं.

व्हिसा आले. निघायच्या तीन दिवस आधी मी नाही म्हटलं.

"मम्मी, डॅडींचं ड्रीम होतं हे. तू कशाला घाबरतेस?"

"घाबरत नाही. फार जावंसं वाटतंय, म्हणून जात नाही."

ती माझ्यासमोर बसली. "तो माणूस डॅडी होते असं वाटतं तुला?"

"त्याने नळाखाली मनगट धरलं, शेरॉन."

तिने पोटावर हात ठेवला. मग उठून माझी बॅग रिकामी करायला लागली.

ती दोघं टॅक्सीने एअरपोर्टला गेली. मी किल्ली घेऊन खाली उतरले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले. म्हटलं, "विली, खोली चांगली आहे म्हणे. राहू दे तशीच. मला बाळाला न्हाऊ घालायचंय."

चौथ्या दिवशी शेरॉनने मागच्या अंगणातून फोटो पाठवला. डावीकडच्या खिडकीची एक झडप बोटभर उघडी होती. मी विचारलं, तर तिने लिहिलं, "मम्मी, ते पेंटिंग आहे. असंच असेल." पण टीव्हीवर आम्ही तिघांनी ती मिटलेली पाहिली होती. विन्स्टनने त्यानंतर सासऱ्यांवर विनोद केला नाही.

जानेवारीत मुलगी झाली. शेरॉनने नोकरी सोडली आणि आम्ही सगळे रास अल खैमाला राहायला आलो. विन्स्टनला तिथेच बढती मिळाली. जॅम संपला. गाडी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजवाल्याने घेतली. घरमालकीण नाताळला निरोप पाठवते. कारभार आता तिचा भाचा बघतो, पण मागची खोली सप्टेंबरात ती कोणाला देत नाही. जेंटलमननी धरून ठेवलीय म्हणते.

नात पावणेदोन वर्षांची झाली. तिला अजून मीच न्हाऊ घालते. आधी नळ सोडून पाण्याखाली मनगट धरते. आता तीही बघून बघून आपलं इवलंसं मनगट पुढे करते. विलीला सांगितलंय, हिला नीट शिकू दे. मग येते.