रोहिदासचा हातगुण

केशरबाईनं दिराकडून त्याची जुनी बोट घेतली, तेव्हा सगळ्या दिवाळे गावानं तिला शहाणी म्हटलं. घरची वस्तू घरात राहिली, विधवेनं पोराला, भावेशला, धंद्याला लावलं, रोहिदासनं वहिनीची आठवण ठेवली. केशरबाईनं त्यासाठी पेटीतल्या पाटल्या मोडल्या होत्या, ते मात्र कोणी बोललं नाही. बोट दिसायला नवी नवरी. नारळी पुनवेला रोहिदासनं तिला निळा रंग दिला होता, फटींत लांबीची पुटी भरून, घासून ती गालासारखी गुळगुळीत केली होती.

नवरी नांदायला आली आणि तिला झटके यायला लागले. बंदरातून निघताना इंजिन वाघासारखं. खाडीतून बाहेर पडून जाळं टाकायची वेळ आली की दोन आचके आणि गप्प. जरा वेळ शिव्या घातल्या की आपोआप सुरू. कधी दोनदा बंद पडायची, कधी सगळा दिवस नाही. मेकॅनिक आणला. त्यानं आधी टाकीचं झाकण उघडून डिझेल आहे का बघितलं, मग इंजिन लावलं. ते इतकं गुणी पोरासारखं चाललं की मेकॅनिक भावेशकडेच संशयानं बघायला लागला. फिल्टर बदलून झाला, पंप उघडून झाला. दुसरा मेकॅनिक आला, त्यानंही पहिल्यांदा झाकणच उघडलं, आणि त्याच्यापुढंही ती बया शहाण्यासारखी वागली.

रोहिदासला विचारलं तर त्यानं कानावर हात ठेवले. आपल्याकडं तिनं कधी खोकलादेखील काढला नाही, म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर केशरबाईनं गिळलं असतं. पण जेटीवर चार माणसांत तो बोलला, की बोटीत दोष नाही, पोराचा हातगुण वाईट. बापाच्या हातालाही कुठं यश होतं?

दर्यावरची माणसं देवाइतकीच हातगुणाला मानतात. भावेशचे दोन्ही खलाशी सोडून गेले, तेही रोहिदासच्याच नव्या बोटीवर. एकट्यानं जाळं ओढवत नाही. भावेश आठवडाभर घरात बसला आणि एका सकाळी म्हणाला की खारघरच्या एका टॉवरमध्ये वॉचमन पाहिजेत, पावसाळ्याआधी जाईन म्हणतो. केशरबाईच्या हातातला कोयता कोलंबीवरच थांबला. ज्याच्या आज्याच्या नावानं खाडीतली जाळं बांधायची एक खुंटी ओळखतात, तो पोर दुसऱ्याच्या गाड्यांना शिट्टी मारणार.

"मला ने बोटीवर," ती म्हणाली. "माज्या पाटल्या कुठं बुडल्या ते तरी बघू."

बेलापूरची खाडी मागं पडली आणि बोटीनं आचके दिले. केशरबाईला वाटलं, पोरगा डिझेलात काटकसर करतो. तिनं उठून टाकीचं झाकण पिळलं. ते निघेना. कोयता धरून धरून तिची मूठ पक्कडीसारखी झालेली. तिनं जोर लावला तसं झाकण सुटलं आणि टाकीनं, बुडता माणूस वर येऊन श्वास ओढतो ना, तसा श्वास ओढला. भावेशनं इंजिन लावलं. लागलं.

केशरबाई झाकण हातात घेऊन उभी राहिली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, गुटगुट करून थांबतं. हे तर लहान पोरगीही जाणते.

"हिचं दुसरं भोक कुठं हाय रे?"

भावेशनं टाकीच्या मागं हात घातला, चाचपलं. हवा घ्यायची नळी होती, पण तिच्या तोंडात दगडासारखी लांबी भरलेली, वर निळा रंग. खिळ्यानं कोरून काढली. त्या दिवसापासून बोट आपणहून एकदाही थांबली नाही.

"काकानं मुद्दाम नाय केलं, आये," भावेश म्हणाला. "रंगाऱ्यानं फट समजून भरली असंल. काकाला अजून ठाव नसंल काय झालं ते."

तेही खरंच असणार, केशरबाईला कळत होतं. रंगवल्यापासून बोट बंद पडायला लागली, रोहिदास वैतागला आणि त्यानं ती वहिनीच्या गळ्यात मारली. भोक रंगाऱ्यानं बुजवलं, पण जीभ तर रंगाऱ्यानं लावली नव्हती. तिनं भावेशला कोणाला एक शब्द बोलू नको म्हणून बजावलं. बोटीचा दोष गेला, पोराच्या कपाळाचा कुठं गेला होता?

वैशाखात रोहिदासच्या मुलाचा साखरपुडा ठरला, पलीकडं मोरा गावाला. आता पूल झालेत, गाडीनं सरळ जाता येतं. पण रोहिदासला पताका लावून, बेंजो वाजवत खाडीतून मिरवत जायचं होतं. नव्या बोटीत बायका आणि बेंजो. मानाच्या माणसांना दुसरी बोट पाहिजे होती. गावचे ज्योतिबा पाटील आणि पंच बसले होते, तिथं केशरबाईनं शब्द द्यायला सुपारी उचलली आणि सांगितलं की थोरल्या घराची बोट असताना दुसऱ्याची कशाला? पाटलांनी, पंचांनी आणि नवरदेवाच्या बापानं तिच्याच बोटीत बसायचं.

रोहिदास पेचात पडला. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. त्यानं भावेशच्या हातगुणाचं काढलं, मंगल कार्य आहे म्हणाला. केशरबाई त्याचीच वाट बघत होती.

"मग तू चालव की," ती म्हणाली. "बोट चांगली, तुजा हातगुण चांगला. अडतंय कुठं?"

पाटील म्हणाले, बरोबर आहे.

साखरपुड्याच्या सकाळी रोहिदास पांढऱ्याफेक कपड्यांवर केशरी लाइफ जॅकेट घालून आला, आणि त्याच्या मागं एक माणूस दोन वल्ही घेऊन. पंच हसले. चोराच्या मनात चांदणं, आणि हे तर भर दुपारचं ऊन होतं. केशरबाई आधीच येऊन टाकीला पाठ लावून बसली होती, पदर मागं पसरून. पदराखाली, नळीच्या तोंडात, सकाळच्या भाकरीच्या पिठाचा घट्ट मळलेला गोळा होता.

रोहिदासनं बोट छान काढली. पुढं बेंजो, मागं ही. बेंजो रंगात आला, अर्धी खाडी मागं गेली, तसा तो सैलावला, जॅकेटचा पट्टाही सोडला. आणि मधोमध, ओहोटी जोरात असताना, इंजिननं दोन आचके दिले.

गप्प.

बेंजोची बोट वाजत वाजत लांब गेली. बोट आडवी होऊन चिखलाच्या बाजूला वाहायला लागली. पुढं दोर सांभाळायला भावेश बसला होता. त्यानं आईकडं बघितलं. आई पान चघळत होती, खाडीत बघत. मग त्यानं तिचा मागं गेलेला हात बघितला, आणि मान खाली घातली.

पंचांत कुजबुज झाली. एकाला पोहता येत नव्हतं. रोहिदासनं दोनदा, तीनदा इंजिन लावून बघितलं. घाम पुसला. पाहुण्यांना धीर द्यावा म्हणून हसला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "जरा थांबलं का आपोआप सुरू व्हतं. नेहमीचंच हाय तिचं."

बोलून गेला आणि मग त्याला ऐकू आलं.

ज्योतिबा पाटलांनी हळूच विचारलं, "नेहमीचं म्हंजे कवापासनं, रोहिदास?"

त्यानं वहिनीकडं बघितलं. केशरबाईनं चार रात्री जागून भाषण जुळवलं होतं: त्यात मेलेला नवरा होता, पाटल्या होत्या, खारघरची शिट्टी होती. त्यातलं अक्षरही लागलं नाही. तिनं नखानं पिठाचा गोळा उकरला, पाण्यात टाकला. पाठीला टाकीचा लांब श्वास जाणवला.

"भावेश," ती म्हणाली, "काकाला उठव तिथनं. तू बस."

भावेश बसला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मोऱ्यापर्यंत ते एकदाही खोकलं नाही. रोहिदास वल्ह्यांशेजारी खाली बसून होता, पांढऱ्या कपड्यांना बोटीच्या तळातलं काळं पाणी लागत होतं, तरी उठला नाही.

गावाला सांगायची गरज पडली नाही. पंच होतेच सांगायला. काकाच्या हातात मेली, पुतण्याच्या हातात जिवंत झाली. आषाढात बोटी वर ओढल्या, तेव्हा सोडून गेलेल्या दोघांतला एक खलाशी येऊन भावेशला विचारून गेला, पुढच्या मोसमाला माणूस पाहिजे का. दुसरा अजून कुंपणावर होता. खारघरचं नाव घरात परत निघालं नाही.

रोहिदास एकदा ओट्यापर्यंत आला, उभ्यानंच विचारलं, "वैनी, दोष काय व्हता गं?"

"हातगुणाचा," केशरबाई म्हणाली, आणि बोंबील चिरत राहिली.

श्रावण लागला. जेटीवर सगळीकडं रंगाचा वास. रोहिदासची नवी बोट यंदा पिवळी होत होती, तोच रंगारी, तीच लांबी आणि ती ओढायचा तोच पत्रा. भावेश बघून आला आणि आईपाशी बसला. रंगारी टाकीच्या मागंच हात घालून बसलाय, म्हणाला. जाऊन सांगू का?

केशरबाईनं कोयता धुतला, पुसला.

"सांग की. आपला काका हाय," ती म्हणाली. "पन तो दुसरा खलाशी आपल्याकडं येऊ दे. मग सांग."