बुबूचं पथ्य आणि माझे रंगीत दाणे

मला या घरात आणलं तेच मुळी बोलण्यासाठी, तेव्हा मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटायला नको. मी गास्पार. अंग राखाडी, शेपूट लालभडक, वय सत्तावीस. माझी पोपटाची जात आफ्रिकेतली म्हणतात, पण जंगल मी कधी पाहिलेलं नाही. क्वेबेकमधल्या एका माणसाच्या गॅरेजात, यंत्राच्या उबेत मी अंड्यातून बाहेर आलो. पहिला घास मिळाला तोही आईच्या चोचीतून नव्हे, प्लास्टिकच्या पिचकारीतून.

आल्फे तिबोदोनं मला विकत घेतलं ते बायकोसाठी. आल्फे नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर लॉबस्टर, म्हणजे शेवंडं, पकडायचा. एकुलता एक मुलगा तेलाच्या कामावर आल्बर्टाला निघून गेला आणि आल्फेची बायको ओदील स्वयंपाकघरात रेडिओशी बोलू लागली. "रेडिओ उलट उत्तर देत नाही, हा देईल," असं म्हणून आल्फेनं माझा पिंजरा खिडकीपाशी ठेवला.

मी ओदीलचा आवाज उचलला. अगदी हुबेहूब. "आल्फे, जेवायला ये!" असं मी ओरडलो की तो तळघरातून धापा टाकत वर यायचा आणि चूल थंड बघून मला शिव्या द्यायचा. ओदील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. तिच्या टोस्टचा कोपरा माझा, तिचा डावा खांदा माझा. दुपारी विणायला बसली की शेजारणींबद्दल जे कुणाला सांगायचं नसे, ते ती मला सांगायची. अशी बावीस वर्षं गेली. आपल्याला कुणी वाटेकरी येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मग बुबू आला.

आखूड पायांचा पांढरा कुत्रा. कुणीतरी टाकून दिलेला, कान लाल, पोट उघडंबोडकं, सारखा खाजवणारा. ओदीलनं त्याला टॉवेलात गुंडाळून आणलं आणि डाव्या खांद्यावर घेतलं. माझ्या खांद्यावर! मी शीळ घातली. तिनं वळून बघितलं नाही. "गास्पार, गप्प बस," म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या वाट्याला हेच तीन शब्द आले.

बुबू खाजवून खाजवून कातडी सोलायचा. मग तिथं पू व्हायचा, कान वाहायचे, आठवड्यातून दोनदा उलटी. आणि तो जितका आजारी, तितका लाडका! मी सत्तावीस वर्षांत एकदा शिंकलो नसेन, पण निरोगी राहिल्याबद्दल कुणी पाठ थोपटलेली तुम्ही पाहिलीत?

ओदीलनं चष्मा लावला आणि कुत्र्यांच्या खाण्याची पाकिटं वाचायला सुरुवात केली. टेबलावर पिशव्या उभ्या करून ती मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायची. कृत्रिम रंग, कृत्रिम वास, टिकण्यासाठी घातलेली रसायनं. एकेका नावावर लाल पेन्सिल. तिचा नियम एकच: "ज्या नावाला जीभ वळत नाही ते पोटात घालायचं नाही."

एक नाव तर तिनं आठवडाभर घोकलं. ब्युटिलेटेड हायड्रॉक्सीअॅनिसोल. तिची जीभ काही वळली नाही. माझी तिसऱ्याच दिवशी वळली. मी ते खणखणीत म्हणून दाखवलं. आल्फे टेबल बडवून हसला. "बघ ओदील, तुझ्या नियमानं हे गास्पारनं खायला हरकत नाही!" ओदील हसली नाही. बुबू उलटी करत होता.

शेवटी तिनं पाकिटंच बंद केली. टर्कीचा खिमा आणि लाल भोपळा, सकाळ-संध्याकाळ, ताजा शिजवलेला. घरभर तो वास, आणि माझ्या वाडग्यात दुकानातले तेच कोरडे दाणे. लाल, पिवळे, हिरवे, जांभळे. माझ्या दाण्यांचं पाकीट मात्र तिनं एकदाही उलटून वाचलं नाही. ते मला फार लागलं. माझ्या पोटात काय जातं याची चौकशी करण्याइतकाही मी कुणी नव्हतो?

आता माझ्या पापाकडे येतो.

एकदा माझ्या चोचीतून लाल दाणा खाली पडला. बुबूनं तो चाटून गिळला. दुसऱ्या दिवशी त्यानं इतकं खाजवलं की ओदील वैतागून ओरडली, "पुरे रे! जीव खाल्लास माझा!" त्याला मागच्या खोलीत कोंडलं आणि दमून माझ्याजवळ येऊन बसली. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांची चटक मला लागली.

ती अंगणात गेली की मी तिच्याच आवाजात म्हणायचो, "बुबू, ये रे राजा! हे घे." वेडा धावत यायचा. मी दाणा सोडायचो, कधी दोन, कधी चार. ओदीलची पावलं वाजली की मी पंखात डोकं घालून झोपेचं सोंग घ्यायचो.

टर्की-भोपळ्यानं बुबू बरा होईना. उलट केस विरळ झाले, बरगड्या दिसू लागल्या. खाज थांबायला दिलेल्या गोळ्यांनी यकृतावर सूज आली. तेव्हा जनावरांची डॉक्टर सुरेत घरी आली. गावातलीच पोर, ओदीलच्या मैत्रिणीची मुलगी.

"मावशी, ही गोळी आता फार दिवस देता येणार नाही," ती बॅगेतून एक पाकीट काढत म्हणाली. "त्याला नक्की काय बाधतं ते शोधू. आठ आठवडे एकच खाणं, हे. यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की अंगाला ती ओळखूच येत नाहीत."

ओदीलनं पाकीट उलटलं. "अगं, ही यादी आहे की पोलिसांचा पंचनामा? अर्धी नावं कारखान्यातली!"

"त्यातली बरीचशी जीवनसत्त्वं आणि क्षार आहेत. तुमच्या टर्की-भोपळ्यात तेच कमी पडतात, म्हणून तर हा वाळलाय."

"जीभ वळत नाही ते मी..."

"सकाळी थायरॉइडची गोळी घेता ना? तिचं नाव सांगा बघू."

आल्फे खिडकीकडे तोंड करून खोकल्यासारखं हसला.

सुरेतनं तिचा हात धरला. "मावशी, रंगांची कुत्र्याला काही गरज नसते, ते फक्त आपल्या डोळ्यांसाठी. ते नको म्हणालात तर माझी ना नाही. रसायनाऐवजी ई जीवनसत्त्वानं टिकवलेलं खाणंही मिळतं, तेही घ्या. पण टिकवायला काहीच घातलं नाही आणि चरबी खवट झाली, तर तेही वाईटच. सगळं एका लाल पेन्सिलीनं खोडू नका. बहुतेक कुत्र्यांना बाधतं ते साधंच असतं, कोंबडी, बीफ, दूध. आणि एक लक्षात ठेवा, आठ आठवडे बाहेरचा कणही नको. तरीही फरक पडला नाही, तर मग हे जगणं त्याला झेपतंय का, याचा विचार करावा लागेल."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं. समजलंही. आणि दुसऱ्या दिवशी मी पिवळा दाणा टाकला. काय सांगू, मत्सराला कान असतात, पण ते आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतात.

सहा आठवडे झाले. खाज तशीच. ओदीलनं आल्फेला धरलं.

"तू देतोस त्याला सॉसेज. टेबलाखालून. मला माहीत आहे."

"आईशपथ, नाही."

"मग मासा देत असशील."

"ओदील, मी त्याला हात चाटू देत नाही हल्ली!"

"चाळीस वर्षांत तू मला किती थापा मारल्यास ते मोजू का? माझ्या डोळ्यांसमोर कुत्रं मरायला टेकलंय आणि तू..."

आल्फेनं टोपी घेतली आणि जाळी ठेवायच्या शेडमध्ये जाऊन बसला. जेवायलासुद्धा आला नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. बुबू कोपऱ्यात, आल्फे बाहेर, आणि ओदील माझ्या खिडकीपाशी. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बाहेर धुक्यात बघून रडत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओदील दुकानात गेली. आल्फे मोजे घ्यायला गुपचूप आत आला आणि चुलीमागच्या बाकावर टेकला. तो तिथं आहे हे मला दिसलं नाही. मी लाडात आवाज काढला, "बुबू, ये रे राजा! हे घे." आणि लाल दाणा सोडला.

आल्फे उठून उभाच राहिला. आधी त्यानं दाराकडे बघितलं, बायको आली असं वाटून. मग माझ्याकडे. मग बुबूच्या चाटणाऱ्या जिभेकडे. "अरे लबाडा," तो हळूच म्हणाला आणि मटकन बसून हसला. हसता हसता त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि बराच वेळ ते काढले नाहीत.

ओदीलचा विश्वास बसेना. शेवटी दोघं सामानाच्या कोठीत दार किलकिलं करून उभी राहिली. मी, शहाण्यांचा शहाणा, पाचव्या मिनिटाला पुन्हा बोललो. तुमच्या भाषेत याला 'पोपट होणं' म्हणतात. माझा झाला.

ओदील बाहेर आली. मला वाटलं, आता मान मुरगाळते. पण ती आल्फेकडे वळली. "मी तुला खोटारडा म्हणाले." "चाळीस वर्षांतलं धरून म्हणालीस, मग तसं फार चुकलं नाही," आल्फे म्हणाला. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं. मग विचारलं, "पण या मेल्यानं असं का केलं?"

आल्फे म्हणाला, "तू आठव. कुत्रा आल्यापासून तू गास्पारशी काय बोललीस? 'गप्प बस' याशिवाय?"



मला माडीवर शिवणाच्या खोलीत हलवलं. आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. खालून वास यायचे, हसणं यायचं. दहाव्या दिवशी बुबू रात्रभर झोपला असं आल्फे जिन्यातून ओरडून सांगून गेला, जणू मला आनंदच होणार होता! पण खरं सांगतो, त्या दिवशी मी दाणे नीट खाल्ले. त्याआधी घशाखाली उतरत नव्हते.

मग सुरेतनं एकेक गोष्ट बुबूला देऊन पाहिली. माझा रंगीत दाणा दिला, खाज. ओदील म्हणाली, "बघ, रंग!" मग त्याच कंपनीचा बिनरंगी दाणा दिला, तरी खाज. शेवटी माझ्या पाकिटाची यादी वाचली गेली, पहिल्यांदाच. त्यात होती अंड्याची पूड, बुबूच्या जुन्या पाकिटांतही असायची तीच. नुसतं उकडलेलं अंडं, शेजारच्या खुराड्यातलं, घासभर दिलं, आणि बुबूनं तिसऱ्या दिवशी कान ओरबाडले. ज्या नावाला दोन वर्षांच्या पोराचीही जीभ वळते, ते निघालं गुन्हेगार. ओदीलनं लाल पेन्सिल खणात टाकली.

ती अजून पाकिटं वाचते, पण शांतपणे. रंग नको म्हणते, नाव कळलं नाही तर सुरेतला विचारते. माझ्यासाठीही आता साधे तपकिरी दाणे येतात. चवीला बरे आहेत, पण लाल रंगाची मजा गेली.

मी पुन्हा खिडकीपाशी आहे. पिंजऱ्याखाली रुंद ताट लावलंय, कण बाहेर पडत नाही. बुबूला पांढरेशुभ्र केस आलेत, यकृतही सुधारलंय. रोज सकाळी ओदील कॉफी घेऊन माझ्याजवळ बसते आणि शेजारणींच्या गोष्टी सांगते. मी सुधारलो असं मात्र समजू नका. तिचा हात बुबूच्या डोक्यावर गेला की अजून माझी पिसं उभी राहतात.

आणि रोज ती आधी बुबूचं भांडं भरते, मग माझं. एकच दिवस, आधी माझं भर, असं कुणी तिला सांगाल का? मी स्वतः म्हटलं असतं. पण ते शब्द तिनं कधी माझ्यासमोर उच्चारलेच नाहीत, मग मी ते कुठून शिकू?