तळदंडाचा पहारा

तेलंगणातल्या बोथच्या पेठेत नागोरावांचं बियाण्यांचं दुकान, आणि दुकानावर पत्र्याची एक खोली. दर रविवारी दुपारी त्या खोलीत त्यांचा मुलगा कुलदीप दोन दोस्तांना घेऊन बसायचा. वरून फासे पडल्याचा आवाज यायचा, मधूनच हसणं, मग बराच वेळ चिडीचूप. जुगार नाही, एवढी खात्री नागोरावांनी पहिल्याच महिन्यात करून घेतली होती. पुढची चौकशी त्यांनी केली नाही.

आज मात्र ते जिना चढले. उद्यापासून मारुतीच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसणार होता, आणि दुपारी दोन ते चार या पहाऱ्याला वीणा कोण धरणार ते अजून ठरलं नव्हतं. चाळीस वर्षं तो पहारा नागोरावांचा. पण गेल्या सालापासून त्यांचा उजवा हात कापत होता. आपल्यामागं घरातला पहारा बंद पडू नये, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि कुलदीप दर वर्षी एकच म्हणायचा, "मले नाही जमत." का जमत नाही, ते कधी सांगायचा नाही.

"बाबा, दहा मिन्टं बसा," कुलदीप वर न पाहता म्हणाला. "आज माह्या मानसाचा जीव जाऊन राह्यला."

नागोराव दचकले. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा नागेश हसून खुर्ची पुढं सरकवू लागला. "खऱ्या मानसाचा नाही, काका. ही कथा हाये. मंजुषा सांगते, आपन तिच्यातले मानसं. आपन काय करतो ते बोलायचं, अन् जमलं का नाही ते फासा सांगते."

"म्हंजे कीर्तनातलं आख्यान. फक्त श्रोत्यायनं मधात बोलायचं," नागोराव म्हणाले.

"बराबर. अन् श्रोता मरू बी शकते."

मंजुषा मराठी शाळेत शिकवायची. पुढ्यात जाड वही, शेजारी वीस बाजूंचा फासा. नागोरावांना नमस्कार करून तिनं सांगायला सुरुवात केली, आणि नागोराव खुर्चीच्या टोकाशी आले. कुठं थांबावं हे त्या पोरीला कळत होतं. भल्याभल्या बुवांना ते साधत नाही.

"कुलदीपच्या माणसानं उचलली त्या काठीचं नाव तळदंड," ती म्हणाली. "हिचं लाकूड कुठल्या झाडाचं नाही. धरतीच्या तळाशी, उजेड जन्मायच्या आधीपासून जे देव पडून आहेत, त्यांच्यापैकी एकाचं हे हाड. त्यांना तोंड नाही, कान नाहीत, अवयव मोजू लागलं तर मोजणारा वेडा होतो. जो हा दंड धरतो त्याची मूठ उघडत नाही. रोज त्या देवांना त्याचा श्वास थोडा जवळून जाणवतो. एकेचाळिसाव्या दिवशी ते जागे होतात, आणि धरणाऱ्याला सगळ्यांत आधी गिळतात."

"कायले रागावले ते एवढे?" नागोरावांना राहवलं नाही.

"रागावलेले नाहीत, काका. माणूस नावाचं काही आहे हेच त्यांना ठाऊक नाही. मुंगीवर पाय पडतो तेव्हा आपण कुठं रागावलेले असतो?"

नागोरावांनी आ वासला. जन्मभर कीर्तनं ऐकली. कोपणारे देव ऐकले, भोळे ऐकले, भक्ताघरी पाणी भरणारे ऐकले. पण भक्तच ठाऊक नसलेला देव? त्यांनी मनातल्या मनात विठ्ठल विठ्ठल म्हटलं.

"आज चाळिसावा दिवस," मंजुषा म्हणाली. "सुटकेची वाट एकच. दुसऱ्या कुणी सगळं समजून-उमजून दंड मागायचा, आणि धरणाऱ्यानं तो द्यायचा. तरच मूठ उघडेल. मग शाप घेणाऱ्याचा. कुलदीप, काय करतोस?"

"देत नाही."

"अरे मी मांगून राह्यलो ना!" नागेश वैतागला. "तिसऱ्यांदा. दे इकडं. माह्या मानसाले ना बायको ना लेकरू, घराचा हप्ता बी नाही."

"मी उचलला, मीच मरतो. दुसऱ्याच्या गळ्यात कायले घालू?"

कुलदीपची उजवी मूठ टेबलावर आवळलेली होती. हातात काहीच नव्हतं, तरी बोटांची पेरं पांढरी पडली होती. नागोराव त्या मुठीकडं पाहत राहिले. खेळात कुणी असं धरतं?

"एकट्यानं चाळीस दिवस?" ते पुटपुटले. "वेडे हायेत काय लोक. दोन दोन घंट्यानं बदली करायची नाही काय?"

मंजुषानं वही उघडली, एक पान उलटलं, परत मागं आली. "घेणाऱ्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असंच मी लिहिलंय," ती सावकाश म्हणाली. "बदली करायची नाही, असं कुठं लिहिलेलं नाही."

"मंग झालं तर. दे रे, कुलदीप. आता माहा पहारा."

नागोराव उठले, टोपी नीट केली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं खाली वाकून त्यांनी पोराच्या पायांवर डोकं ठेवलं.

वीणेचा पहारा बदलताना असंच करतात. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. वय पाहत नाहीत, नातं पाहत नाहीत. नागोरावांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण कुलदीप चटका बसल्यासारखा मागं उडाला. खुर्ची आडवी झाली. नागेशला हसू फुटत होतं, ते कुलदीपचा चेहरा पाहून तिथंच जिरलं.

"माह्या पाया नका पडू, बाबा." पोराचा आवाज फाटला होता. "मी वीना खाली ठेवली होती."

"कोनती वीना?"

"सप्त्यातली. मी सोळा वर्सांचा होतो, तुमाले ताप होता म्हनून दोन ते चार मी उभा होतो. जेवनाची वेळ, मंडपात कोनी नाही. घसा कोरडा पडला होता. मी वीना सतरंजीवर ठेवली अन् नळावर पानी प्यायले गेलो. लई झालं तर पाच मिन्टं. आलो तर ती तशीच पडली होती. कोनी पाह्यलं नाही."

नागोरावांचा हात कानाकडं गेला, तो तिथंच राहिला. सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. त्याचसाठी तर तो सप्ताह अखंड. आणि त्या साली काल्याच्या दिवशी अंगातल्या तापासकट उभं राहून, माइकवर, सगळ्या गावासमोर आपणच सांगितलं होतं, वीणा भुईला लागली नाही म्हणून. देवाच्या दारात आपण खोटं बोललो.

"अन् काल्याच्या दुसऱ्या दिवशी," कुलदीप म्हणाला, "आईचा रिपोर्ट आला."

खाली पेठेत कुणीतरी तेलुगूत वांग्यांचा भाव विचारत होतं.

कुलदीपची आई, सोजरबाई, त्याच वर्षी दिवाळीआधी गेल्या. नागोरावांना तिरडीमागं चालणारं पोर आठवलं. रडलं नव्हतं ते. लोक म्हणाले, धीराचं आहे. नऊ वर्षं एका घरात राहिलो, एका भांड्यातलं जेवलो, आणि हे पोर असं मूठ आवळून बसलेलं, आपल्याला पत्ता नाही. मघाशी वीणेचं ऐकून बसलेला धक्का या धक्क्यापुढं काहीच नव्हता. मंजुषानं धरून त्यांना खाली बसवलं.

"आईले सांगतलं होतं?"

"नाही."

"कोनालेच?"

"नाही. मंग मी पुन्हा वीनेले हात लावला नाही. पुन्हा कोनाले काही झालं तर."

कीर्तनात ऐकलेले हजार दाखले नागोरावांच्या डोक्यात होते, त्यातला एकही जिभेवर येईना. मग ते मंजुषाच्या वहीकडं पाहत म्हणाले, "पोरी, तुह्या ह्या देवाले मानूस माहीत नाही म्हनतेस?"

"नाही, काका."

"त्याले तहान माहीत असन?"

"नाही."

"आपल्या देवाले माहीत हाये रे," ते कुलदीपकडं वळले. "आपला तर भक्ताच्या घरी कावडीनं पानी भरते. तो तहानलेल्या पोराच्या मायले मारते काय? नऊ वर्सं तू कोन्या देवाले भेऊन राह्यला, कुलदीप? हा कोनता देव तू मनात बसवला?"

कुलदीपनं डाव्या हातानं आडवी खुर्ची उभी केली; उजवी मूठ तशीच आवळलेली होती.

"वीना खाली ठेवली हे चुकलंच," नागोराव म्हणाले. "नाही कसं म्हनू. मी बी माइकवर बोललो, ते मले देवापुढं निस्तरा लागन. पन तुही माय तिच्या दुखन्यानं गेली. दोन्हीची गाठ कोनं मारली? तूच मारली. ते दे माह्यापाशी."

"मले भेव वाटते, बाबा."

"वाटू दे. भेनाऱ्याच्या हातून वीना सहसा पडत नाही. अन् उद्या तू धरूच नको. मी धरतो. माहा हात कापते, तू निस्ता बाजूनं खालून टेका दे. दोन घंटे. जमन?"

नागेश खाली मान घालून बसला होता. मंजुषानं डोळे पुसून फासा मुठीत झाकला, जणू आता त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं.

"टेका देतो," कुलदीप म्हणाला.

मग तो वाकला, बापाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मूठ पुढं केली. एकेक बोट उघडलं. तळव्यावर नखांचे चार लाल व्रण उमटले होते. नागोरावांनी कापणारे दोन्ही हात त्याखाली धरले. हातात काहीच आलं नाही, तरी त्यांचे हात खाली गेले.