दहा फुटी आई

हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. लिहिण्यासारखं आहे काय त्यात? एका माणसाच्या पोटात दुखलं, एवढीच गोष्ट. पण दुखलं ते कशाने, हे ऐकलंत तर तुम्हालाही गप्प बसवणार नाही.

"अरे पेंटर, फाइल उघडलीस का? बघ काय धाडलंय त्यांनी," मालक काउंटरवरून ओरडला.

पेंटरने फाइल उघडली आणि त्याचा माउसवरचा हात तसाच राहिला. स्क्रीनवर त्याचं स्वतःचं घर होतं. घरासमोर त्याची स्वतःची आई. आणि आईच्या शेजारी, तिचा हात गालावर घेऊन, त्याच्या गल्लीतला लंबू उभा होता.

पेंटर हे नाव दुकानामुळे पडलेलं. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या या दुकानात पूर्वी पाट्या रंगवायचे. ब्रश गेले, बॅनर छापायचं मशीन आलं, कामावरच्या पोराचं नाव तेच राहिलं. सॉफ्टवेअर तो व्हिडिओ बघून शिकला. विद्यापीठात त्याचं जाणं फक्त बॅनर बांधायला. कुठल्या कंपनीने प्रयोगशाळा बांधून दिली, कुठल्या ट्रस्टने नर्सिंगच्या मुलींची फी भरली, सगळं त्याच्या मशीनमधून बाहेर पडायचं. "लोगो जरा मोठा करा" हे त्याला झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

त्यातल्याच एका फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीला त्याने आणि लंबूने बरोबर अर्ज केला होता. एकाच गल्लीतले, एकाच बाकावरचे. मुलाखतीला दोघांत मिळून इस्त्रीचा शर्ट एकच. आधी एकाने घातला, बाहेर येऊन दुसऱ्याला दिला. निवड झाली लंबूची. शर्ट पेंटरचा होता.

तेव्हापासून लंबूचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. लंबूच्या गळ्यातलं ओळखपत्र. फाउंडेशनचं स्टिकर लावलेला लॅपटॉप. बोलताना मध्येच "ॲक्च्युअली" म्हणायची नवी खोड. एकदा लंबूला ताप आला आणि विद्यापीठाच्या दवाखान्यात औषध फुकट मिळालं, तर पेंटरला त्या तापाचाही हेवा वाटला.

आणि आता हे. दहा फुटी बॅनर. वर लिहिलेलं, "एक मदत, एक आयुष्य". खाली, "आईच्या कष्टांचं चीज केलं तिच्या एकुलत्या एका मुलाने".

लंबूची आई तो रांगत असतानाच गेली होती. वाढवलं आत्याने.

फोन वाजला. त्याच फाउंडेशनच्या मॅडम होत्या.

"मिळाली ना फाइल? देणगीदारांचा मेळावा आहे, तर एक करा. मागची भिंत फार नवी दिसतेय. थोडी जुनी करता येईल का? पोपडे वगैरे?"

ती भिंत पेंटरने पहिल्या पगारात स्वतः रंगवली होती.

"येईल की," तो म्हणाला. "छप्पर पण गळकं दाखवू?"

"नको नको," मॅडम मनापासून म्हणाल्या. "खोटं वाटेल."

त्याने भिंतीवर पोपडे आणले. मग आईला खोडून बघितलं. लंबू हवेला गाल टेकून उभा राहिला. तेही बरं दिसेना, म्हणून आई परत आणली. ती लंबूकडे ज्या मायेने बघत होती, ते त्याने मोठं करून पुन्हा पुन्हा बघितलं. आपल्याकडे ती अशी कधी बघते? भाजी आणलीस का, बिल भरलंस का, एवढंच तर बघते.

घरी गेला तेव्हा आई भांडी घासत होती.

"फोटो काढून घेतलास म्हणे."

"अगोबाई, सांगायचंच राहिलं. लंबू घेऊन आला त्या बाईंना. त्याच्या आत्याने दारच उघडलं नाही. म्हणाली, माझ्या घराचा तमाशा नको. मग बिचारं पोर इथे आलं. मावशी, उभी राहतेस का म्हणाला."

"आणि तू राहिलीस. गालावर हात ठेवून."

"मग काय कमरेवर ठेवू?"

"माझ्या गालावर कधी ठेवलास?"

आईला हसूच फुटलं. "तू ठेवू देशील तेव्हा ना! केसांना बोट लागलं तरी ओरडतोस, विस्कटले म्हणून."

"त्यावर लिहिलंय, तो तुझा एकुलता एक मुलगा आहे."

आईचे हात थांबले. नळ वाहतच राहिला.

"असं लिहिलंय?"

"हाताएवढ्या अक्षरात."

"मला नाही बोलल्या त्या." तिने नळ बंद केला. "मेळाव्यात स्टेजवर या म्हणाल्या होत्या. मला वाटलं, मावशी म्हणून." मग घासलेलं भांडं पालथं घालत म्हणाली, "त्याचं पुढचं वर्ष त्यावरच आहे रे. पैसे देणारे समोर बसणार. पण तू नको म्हणालास तर मी नाही जाणार. पोटचा तू आहेस."

पेंटर ताट वाढून घ्यायला उठला. पण मनात ठरलं होतं. आई काही भाड्याने द्यायची वस्तू नाही. उद्या लंबूला तोंडावर सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेला आणि लंबूच दुकानात आला, दारात मान वाकवून.

"चिडलायस."

"चिडलो नाही, जळतोय. तुझी निवड झाली तेव्हापासून जळतोय. आज सांगून टाकतो."

"माहितीये मला. तू लॅपटॉपकडे बघतोस ना, तेव्हा मला तो मिटून ठेवावासा वाटतो."

पेंटरने स्टूल पुढे सरकवलं. लंबू स्टुलावर बसला. त्याचे गुडघे पार छातीशी आले.

"मॅडमना मी सांगितलं होतं, ही माझी मावशी आहे. त्या म्हणाल्या, लोकांना आई लागते. मग मी गप्प बसलो." तो नखाने स्टुलाचा रंग खरवडत राहिला. "खरं सांगू? गप्प बसायला बरं वाटलं. लहानपणी खेळताना मावशी तुला जेवायला हाका मारायची. तू मुद्दाम ओ द्यायचा नाहीस. मला इतका राग यायचा तुझा! वाटायचं, मीच ओ देऊन जावं."

इतके दिवस पेंटर समजत होता की जळणारा आपण एकटाच. घोकून आणलेलं वाक्य तोंडात आलंच नाही. त्याने मशीन सुरू केलं.

मशीनचं डोकं या टोकाहून त्या टोकाला जायला लागलं. आधी आकाश आलं. मग लंबूचे केस. मग बऱ्याच खाली आईचे.

"अजून एक आहे," लंबू म्हणाला. त्याची नजर मशीनवर होती. "बॅनर बांधायला तूच येणार ना?"

"मग? बांधून मागे उभा पण राहणार. टाळ्या वाजवायला कुणीतरी नको?"

"येऊ नकोस."

"का रे?"

लंबूने नुसतं बोट दाखवलं. आईचं कपाळ छापून झालं होतं. जाड, जवळ जवळ आलेल्या भुवया. जरासं डावीकडे कललेलं नाक.

"तू हॉलमध्ये दिसलास की संपलं," लंबू हळूच म्हणाला. "आंधळासुद्धा सांगेल तू कुणाचा ते."

पेंटर वाकून बघत राहिला. काल याच चेहऱ्यासमोर तो किती वेळ बसला होता, पण बघत होता फक्त लंबूच्या गालावरचा हात आणि तिची लंबूकडची नजर. मशीन सरकलं. ओठ आले, हनुवटी आली. सगळं त्याचंच होतं.

"तिकडून धर," तो म्हणाला. "शाई ओली आहे, बोट लावू नकोस."

दोघांनी दोन टोकं धरून बॅनर उचललं. मध्ये आई जराशी हलली.

"तिला खोटं बोलायला लावायचं नाही. नुसती उभी राहील."

"नाही लावणार."

"मग नाही येत मी. बांधायला मालक येईल. मेळावा संपेपर्यंत मी फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही. शब्द देतो."