तीनशे एकोणिसावं बदक

साहेब, खोटं तुम्ही बोललात आणि काचेच्या पेटीत बसवलंत मला. हे आधी सांगतो. माझी गोष्ट नंतर.

मित्रांनो, मी एक जुना टकटक्या आहे. मुठीत मावणारं, मोजणीचं गोल यंत्र. अंगठ्यानं खटका दाबला की ‘टक’ होतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. माझ्या कुशीला एक कान आहे. तो पिळला की पुन्हा चार शून्यं. कारखान्यात एका बाईनं मला हजार वेळा दाबून पाहिलं आणि ‘हा अडकणारा नाही’ असं म्हणून खोक्यात टाकलं. त्या वाक्याचा मला कितीतरी वर्षं गर्व होता. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

राष्ट्रीय उद्यानात मी आलो तो मोजणीवाल्या ताईंच्या हाती. ताईंच्या तिथे दोन नोकऱ्या, दोन्ही हंगामी. थंडीत तळ्यावर उतरलेली बदकं मोजायची, उन्हाळ्यात फाटकातून शिरणारी माणसं. एकीवर वर्ष निघत नाही, म्हणून दोन. जीप दुरुस्तीच्या शेडमागच्या खोलीत त्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. भिंतीत खिळा एकच, त्यावर गणवेश दोन: तळ्याचा मातकट, फाटकाचा निळा. त्यांच्यावर मी, दोरीनं लटकलेला. आई म्हणायच्या, ‘‘तुझे कपडे बदलतात गं, हा मेला तोच. त्याला तरी कळतं का, तू काय मोजतेस ते?’’

मला कळायचं. बदकाची टक हलकी असायची. ताई लाकडी आडोशामागे श्वास रोखून मला असं दाबायच्या की आवाज माझा मलाच जेमतेम ऐकू यावा. माणसाची टक घाईची, धसमुसळी. दोन्हींतला फरक मी झोपेतही ओळखला असता. म्हणून तर तोंड दाखवायला जागा नाही मला.

दोन हंगामांच्या मध्ये आठवडाभर उसंत मिळायची. त्या वर्षी उद्यानाच्या साहेबांनी फाटक पंधरा दिवस आधी उघडलं. बदकांना कोण विचारतो? ती तळ्यावरच होती. मग पहाटे तळं आणि नऊपासून फाटक, अशी ताईंची तारेवरची कसरत सुरू झाली. ताईंनी दुसरा टकटक्या मागितला. साहेब हसून म्हणाले, एका वेळी अंगठा एकच चालतो ना, मग यंत्रं दोन कशाला? आईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या, ‘‘दोन डगरींवर दोन पाय ठेवून उभी आहेस बाई. ओढा रुंद झाला की आम्हाला हाक मार.’’

मोजणीचा शेवटचा दिवस धुक्याचा निघाला. बदकं दिसायलाच आठ वाजले. तीनशे अठरा वेळा टक झाली आणि वायरलेसवर फाटकमामांचा आवाज आला. हे फाटकाचे जुने पहारेकरी. तीन बस आल्यात, लोकांच्या शिव्या मी एकटा खातोय, माझं पोट भरायच्या आत या, म्हणाले. ताई धावत सुटल्या. चिखलाच्या बुटांनी, मातकट गणवेशावर निळा चढवत. आकडा वहीत लिहायचा राहिला, माझा कान पिळायचा राहिला. फाटकातून शिरलेला पहिला माणूस माझ्या तोंडावर तीनशे एकोणिसावं बदक झाला.

मला कळलं होतं, मित्रांनो. तिथंच अडकायला हवं होतं मी. स्प्रिंग जुनी झाली होती, कुणी बोल लावला नसता. पण मी न अडकणारा ना! दिवसभर इमानानं खोटं मोजत राहिलो.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला, तळ्याचा आकडा लगेच वर कळवायचाय. वही कोरी. पहाटे चारपासून उभ्या असलेल्या ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दिसलं ते वाचून टाकलं. एकोणीसशे चार. पलीकडून ‘शाब्बास’ आलं. फोन ठेवला आणि ताईंच्या ध्यानात आलं, सकाळी माझा कान पिळलाच नव्हता. रिसीव्हर दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. मी गळ्यातच होतो, तोच आकडा घेऊन.

‘‘साहेब, चूक झाली माझी. त्यात फाटकावरची माणसं मिसळलीत. बदकं तीनशेच्या आसपासच होती.’’

‘‘आकडा वर गेला, ताई.’’

‘‘मग परत मागवा ना.’’

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. ‘‘तुम्हाला पुढच्या वर्षी दोन्ही हंगाम हवेत ना? मग यंत्र ठेवा इथे आणि कामाला लागा.’’

ताईंनी मान खाली घातली. त्यांची हनुवटी माझ्यावर टेकली. मग त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

बदकं गेल्या वर्षीच्या सहापट झाली म्हणून साहेबांचा सत्कार झाला. एवढी बदकं आहेत, तर तळ्यात होड्या सोडायला काय हरकत, असं वरून आलं आणि पुढच्या थंडीत, बदकं उतरायच्या वेळीच, होड्या सुटल्या. मला पर्यटकांच्या दालनात काचेच्या पेटीत बसवलं. खाली चिठ्ठी, ‘या यंत्राने विक्रमी बदके मोजली’. मुलं काचेला नाक लावून वाचतात आणि मला कान झाकता येत नाहीत.

त्याच थंडीत मामा एकदा काच पुसायला आले. फडका फिरवता फिरवता म्हणाले, ‘‘ताईंना नवीन यंत्र दिलंय रे. आज बदकं सात.’’ सात मोजायला यंत्र लागत नाही, बोटं पुरतात. मग चौकशी झाली आणि कागदावर आलं, ‘मोजणी कर्मचाऱ्याची चूक’. तळ्याची नोकरी गेली. आता खिळ्यावर एकच गणवेश आहे. ताई दालनावरून जातात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघू नये असं मला वाटतं.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पण ते हातात धरणाऱ्याला झोपही द्या. आणि नवं मोजायला घ्याल तेव्हा आधी जुन्याचा कान पिळा. माझा अजून कुणी पिळलेला नाही. एकोणीसशे चार तसाच आहे.

आणि साहेब, तुम्ही रोज या पेटीसमोरून जाता. त्या सकाळी ताईंनी तुम्हाला खरं सांगितलं होतं. सांगितलं होतं की नव्हतं? मला शब्द नकोत. एका टकेएवढं उत्तर द्या. हो, की नाही?