बाईंची भुवई

बाईंच्या वृंदगानात हाताने खूण करायची सोयच नव्हती. बाईंचे दोन्ही हात पियानोवर गुंतलेले, त्यामुळे केव्हा गायचं ते त्यांची भुवई सांगायची. उजवी उचलली की बायका, दोन्ही उचलल्या की सगळे. हा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता आणि कपाळावरच्या आठ्या ही त्याचीच कमाई होती.

"सदा रागावल्यासारखी दिसते हो मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा गटात शेवटच्या रांगेत उभा राहायचा. "रागावतेसच की," तो म्हणाला. झालं! बाईंनी तडक डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. इंजेक्शनने आठ्या तीन-चार महिने जातील, मग परत येतील. डोकं दुखेल, कपाळ जड वाटेल, एखादीची पापणीही उतरते. "काम काय करता?"

"गाणं शिकवते."

भुवईचं सांगायचं काही बाईंना सुचलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत कपाळ तुळतुळीत झालं. बाई आरशापुढून हलेनात. खोटं कशाला बोला, त्या भलत्याच खूश होत्या. शेवटची तालीम इंजेक्शनच्या आधीच उरकली होती.

सभागृह भरलं. पियानो सुरू झाला, गाण्याची जागा आली, बाईंनी भुवया उचलल्या. म्हणजे त्यांना तसं वाटलं. समोर सगळे चिडीचूप. मान हलवावी, तर ती एरवीही तालावर हलायचीच. त्यांनी तोच तुकडा पुन्हा वाजवला, जिवाच्या आकांताने जोर लावला. कपाळ ढिम्म!

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नवरा निघाला. पियानोशेजारी येऊन गाणाऱ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि बरोब्बर जागेवर त्याने आपल्या झुबकेदार भुवया वर चढवल्या. सगळे एका सुरात सुटले. कार्यक्रमभर त्याची एकही जागा चुकली नाही. स्वतः मात्र तो एक ओळ गायला नाही.

घरी जाताना बाईंनी विचारलं, "सगळ्या जागा कशा हो पाठ तुम्हाला?"

"इतकी वर्षं तिथे उभा राहून तुझ्या तोंडाकडेच तर बघतोय. गाणं कुठे येतं मला? नुसते ओठ हलवतो."

बाईंना रडूच फुटलं. कपाळावर एक रेघ उमटली नाही, तरी त्याने न बघता रुमाल पुढे केला.

"पुढच्या वेळी जा हवं तर डॉक्टरीणबाईंकडे," तो म्हणाला, "पण त्यांना सांग, भुवया तेवढ्या माझ्यासाठी ठेवा."